इलस्ट्रेटरची रेघ कॅनव्हासवर चालते का? (नाशिक, मिश्र माध्यम आणि पोटापाण्याचं काम)

गोदातीर :
नमस्कार. मी नाशिकची, व्यवसायाने इलस्ट्रेटर. बालपुस्तकं, दिवाळी अंकांतल्या कथांची रेखाटनं, मुखपृष्ठं, मधूनच एखादं कॅलेंडर, असं काम असतं. त्याच्या जोडीने बरीच वर्षं कॅनव्हासवर मिश्र माध्यमात चित्रं करतेय. आता पहिलं एकल प्रदर्शन ठरतंय, म्हणून एक विषय इथे मांडते.

चित्रं बघायला येणारे जाणकार एक सल्ला हमखास देतात : "काम चांगलं आहे, पण यातलं इलस्ट्रेशन काढून टाका." म्हणजे रेघ मिटवा, माणसं ओळखू येतील इतकी स्पष्ट ठेवू नका, गोष्ट सांगू नका. सल्ला आपुलकीचा असतो, पण मला तो मुळातच पटत नाही. चार पानी कथेतून नेमका कुठला क्षण उचलायचा, तो दीड कॉलमात काळ्यापांढऱ्यात कसा बसवायचा, कुठे शाई भरायची आणि कुठे कागद कोरा सोडायचा, हे आम्ही रोज करतो. संपादकांचा फोन आला की रात्रीत करतो. एवढा रियाज कॅनव्हाससमोर उभं राहताना देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा का काढून ठेवायचा?

एका चित्राबद्दल सविस्तर सांगते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंचांचा कॅनव्हास आहे, विषय गोदेचा पूर. नाशिककरांना सांगायला नको, आपल्याकडे पुराचं माप आकड्यात कोणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, हे विचारतात. १९६९ चा पूर घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेला, २००८ आणि २०१६ चा डोळ्यांनी पाहिलेला. चित्रात मारुती मधोमध नाही, डावीकडे सरकलेला आहे आणि उरलेला सगळा कॅनव्हास पाण्याचा आहे.

आधी जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, हात दिले. टाकाचं निब कॅनव्हासच्या विणीत अडकतं, म्हणून शेवटचा हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला. त्यावर कागदाचे फाडलेले तुकडे डकवले, कापलेले नव्हेत. फाडलेल्या कडेला तंतू सुटतात आणि रंग तिथे थांबतो. मग रॉ अंबर आणि यलो ऑकर या मातकट रंगांचा अगदी पातळ ॲक्रिलिक वॉश ओतून कॅनव्हास तिरका केला. कागदाच्या उंचवट्याशी पाणी साचलं आणि वाळताना तिथे गडद काठ धरला. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळाची रेघ राहते, तीच ती. सगळ्यात शेवटी मारुतीच्या खांद्यापासून गदेपर्यंत टाकाची एकच न तुटलेली रेघ, आणि वर होळकर पुलावर पूर बघायला लोटलेली माणसं. जेमतेम दोन बोटं उंचीची. छत्र्या, वर धरलेले मोबाइल, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. ती माणसं काढायला मला इलस्ट्रेशननेच शिकवलं. ती पुसली तर उरतो फक्त तपकिरी रंग.

तुमचं मत हवं आहे. आणि कागद, किंमत, हक्क याबद्दल अनुभव असतील तर तेही जरूर लिहा.

मास्तर_चित्रकलेचे :
ताई, चित्राचं वर्णन वाचूनच बघायची इच्छा झाली. पण सल्ला देणाऱ्यांची बाजू थोडी मांडू द्या, कारण मी स्वतः विद्यार्थ्यांना असंच काहीतरी सांगत आलो आहे.

रेघेला कोणाचा विरोध नसतो. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, आणि पुढच्या सगळ्या कामात ती दांडगी, लांबून दिसणारी रेघ राहिली. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं महाराष्ट्राने घरोघरी जपून ठेवली. १९४५ मध्ये त्यांनी 'दीपावली' हा अंक सुरू केला तेव्हा अंकात चित्राला मजकुराइतकाच मान होता. सुभाष अवचटांनी पुस्तकांची मुखपृष्ठं करता करता हमालांवरची मालिका मोठ्या कॅनव्हासवर उभी केली. तेव्हा इलस्ट्रेटर म्हणजे दुय्यम, हे मी कधीच मानणार नाही.

अडचण वेगळी आहे. कथेचं चित्र कथेला टेकून उभं असतं. वाचकाला आधीच माहीत असतं की ही बाई कोण, ती दारात का थांबली आहे. भिंतीवरच्या चित्राला तो टेकू नसतो. मारुतीचं माप ठाऊक नसलेला सोलापूरचा माणूस तुमच्या चित्रासमोर उभा राहिला, तर त्याला काय मिळेल? एवढं तपासा. मिळत असेल तर रेघ बिनधास्त ठेवा.

गोदातीर :
सर, हे पटलं. कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. नाशिक न पाहिलेल्या मंडळींना चित्र दाखवलं तेव्हा मारुती ओळखीचा नसूनही त्यांची नजर आधी पाण्यावर आणि मग पुलावरच्या माणसांवर गेली. "एवढं पाणी चढलंय आणि हे बघत उभेत," असं त्यातल्या एका बाई म्हणाल्या. माझ्यासाठी एवढं पुरे आहे. मारुतीची ओळख ही नाशिककरांना मिळणारी वरकड.

नाशिकरोडकर :
विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. आमच्या घरातलं माणूस नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यात होतं. भारतात फोटोग्रॅव्हिअर या छपाईच्या पद्धतीने छापलेली पहिली टपाल तिकिटं इथलीच, १९५२ ची संत-कवींची मालिका : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. नखाएवढ्या जागेत अख्खी मीरा बसवणं हेसुद्धा इलस्ट्रेशनच. पुलावरची दोन बोटांची माणसं वाचली आणि ती तिकिटं आठवली. लहान जागेत चित्र बसवायची सवय या गावाला जुनी आहे.

आणि दादासाहेब फाळके तरी कोण होते? त्र्यंबकेश्वरचा मुलगा, १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेला, मग फोटोग्राफी, मग छपाई आणि लिथोचं (दगडी छपाईचं) काम. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला आणि त्यानंतर कंपनी नाशिकला आणली. त्यांनी एका माध्यमातलं शिकलेलं दुसऱ्यात जाताना टाकून दिलं नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की मला हेच वाटतं.

मोडीवाचक :
ताई, कागदाचे तुकडे कुठले? वर्णनावरून जुन्या वह्यांची पानं असावीत असं वाटलं. तसं असेल तर कळकळीची विनंती आहे, मूळ कागद वापरू नका. हल्ली जुन्या बाजारात मोडी कागद किलोवर मिळतात आणि 'व्हिंटेज लूक' म्हणून कॅनव्हासवर, लॅम्पशेडवर चिकटवले जातात. त्यातला एखादा खरेदीखताचा किंवा जमाखर्चाचा कागद म्हणजे त्या गावाचा एकुलता पुरावा असू शकतो. शिवाय मोडी लेखनात काजळाची शाई असे. ओला ब्रश फिरला की ती पसरते, म्हणजे कागदही गेला आणि चित्रही खराब झालं.

गोदातीर :
तुमची काळजी अगदी योग्य आहे. चित्रात मूळ कागद एकही नाही. पंचवटीतल्या ओळखीच्या तीर्थोपाध्याय कुटुंबाने त्यांच्या वहीची काही पानं स्कॅन करू दिली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : नाशिकला येणाऱ्या यजमानांची नावं, गाव, पिढ्या या वह्यांमध्ये लिहून ठेवायची पद्धत आहे, आणि पणजोबांची सही बघायला लोक आजही दुरून येतात. ही लोकांच्या घरची माहिती आहे, त्यामुळे स्कॅनमधली नावं मी आधी मोडून घेतली. अक्षरांची वळणं ठेवली, शब्द लागू दिले नाहीत. मग आम्लरहित कागदावर लेझर प्रिंट काढले. पुराच्या पाण्याखाली पिढ्यांची अक्षरं असणं मला हवं होतं, पण कुणाच्या घरातलं काही उघडं पाडून नव्हे.

मोडीवाचक :
वाचून फार बरं वाटलं. प्रदर्शनात चित्राशेजारी हे चार ओळींत लिहून लावा. बघून अजून दहाजण मूळ कागद फाडायचे थांबतील.

रंगपेटी :
लेझर प्रिंट घेतलात हे उत्तम. इंकजेटची शाई पाण्याने वाहते, लेझरची भुकटी, म्हणजे टोनर, वाहत नाही. मिश्र माध्यमात नव्याने उतरणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण "काहीही कशावरही लावा" असा समज फार पसरलाय आणि दोन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर चित्राचे पापुद्रे निघतात.

ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक अजिबात चालत नाही, ते तेलाला धरतच नाही. वर्तमानपत्राचा कागद थेट डकवू नका. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे उन्हाने पिवळा पडतो आणि पुढे कुरकुरीत होऊन तुटतो. शाळेच्या कोलाजसाठी वापरतो तो लाकडाचा पांढरा गोंद कॅनव्हासवर टाळा, मॅट मीडियम किंवा जेल मीडियम (ॲक्रिलिकचंच बिनरंगी मिश्रण) घ्या. कागद आधी दोन्ही बाजूंनी मीडियम लावून मऊ होऊ द्या, मग मधून कडेकडे रोलर फिरवा, म्हणजे आत हवा राहत नाही. चारकोल वापरला असेल तर वर ओलं काही लावण्याआधी फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारा. पोस्टर कलर वाळल्यावरसुद्धा पाण्याने पुन्हा सुटतो, त्यावर मीडियमचा ब्रश नेला की सगळं चित्र ढवळून निघतं. फाउंटन पेनची शाईही तशीच. शेलॅकवाली इंडियन इंक मात्र एकदा वाळली की हलत नाही.

आणि व्हार्निशची घाई नको. जाड थर असतील तर किमान दोन आठवडे थांबा.

तांबटआळी :
रंगपेटीताई, एक विचारू का? आमचं घराणं भांड्यांचं. मी तांब्याच्या कामाच्या आठवणींवर चित्रं करतोय आणि कॅनव्हासवर तांब्याचा वर्ख लावतो. लावल्यावर सुंदर दिसतो, पण वर ॲक्रिलिक मीडियमचा हात दिला की काही महिन्यांत हिरवट-काळे डाग येतात. कल्हईवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कळकतो. उपाय काय?

रंगपेटी :
दादा, ॲक्रिलिकच्या पाण्यात थोडा अमोनिया असतो आणि तांब्याला तो सोसत नाही. वर्ख आणि मीडियम यांच्यामध्ये आड पाहिजे. फर्निचरवाले वापरतात ते चपडा लाखेचं पॉलिश पातळ करून मऊ ब्रशने एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग वर काय हवं ते करा. आधी छोट्या तुकड्यावर करून बघा. एक मात्र सुचवते : थोडे डाग येऊ द्यायचेच असतील तर नेमक्या तेवढ्याच जागेवर लाख लावू नका. घडवलेल्या भांड्याला वापराने जो रंग चढतो तो कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही.

तांबटआळी :
हे डोक्यातच आलं नव्हतं! हातोडीच्या ठोक्यांचे गोल मी मॉडेलिंग पेस्टच्या जाड लेपाने उठवले आहेत. त्यांच्या खळग्यात हिरवा आणि माथ्यावर झळझळीत तांबं, असं जमलं तर काय हवं. आजच करून बघतो.

सिडकोवाले :
सगळं वाचतोय. आमच्या मुलीची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा झाली, ए ग्रेड मिळाली, आता चित्रकलेतच जायचं म्हणते. घरात प्रश्न एकच, पोट भरतं का? रोखठोक सांगाल का?

गोदातीर :
दादा, रोखठोक सांगते. माझं घर इलस्ट्रेशनवर चालतं, कॅनव्हासवर नाही. पुस्तकाचं काम आलं की पानामागे किंवा चित्रामागे ठरलेले पैसे मिळतात. उशिरा मिळतात, पण मिळतात. कॅनव्हासचं तसं नाही. वर्षभर एकही जात नाही आणि मग एकदम दोन जातात. हातात चोख काम असेल तर उपाशी राहावं लागत नाही, पण पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात, ती घरच्यांनी धरून ठेवावी लागतात. मुलीला कॉलेजला जरूर पाठवा. सोबत कॉम्प्युटरवरचं काम, बिल कसं करायचं, ई-मेल कसा लिहायचा हेही शिकू द्या. चांगल्या हाताची मुलं बिल पाठवायला लाजतात आणि तिथेच मार खातात.

कॅनव्हासच्या किमतीबद्दलही इथेच लिहिते. पुष्कळजण चौरस इंचाचा दर धरतात. चोवीस बाय छत्तीसचा कॅनव्हास म्हणजे ८६४ चौरस इंच. पंचवीस रुपये दर धरला तर २१,६०० होतात. सुरुवातीला ही रीत बरी, कारण घासाघीस कमी होते. पण गॅलरी विक्रीतला तीस ते पन्नास टक्के हिस्सा ठेवते, तो आधीच धरून किंमत लावायची. घरी आलेल्याला स्वस्त आणि गॅलरीत महाग असं कधीही करू नये. गॅलरीला कळतं, आणि आधी विकत घेतलेल्या माणसाचाही तो अपमान असतो.

मास्तर_चित्रकलेचे :
सिडकोवाले, मुलीला एक काम लावा. रोज एक वही घेऊन घाटावर, नाहीतर रविवार कारंजावर बसवा. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सरांनी जागेवर बसून केलेली जलरंगातली कामं तिला दाखवा. हे गाव चित्रकाराला बसल्या जागी विषय देतं. ए ग्रेडचं प्रमाणपत्र फाइलमध्ये राहतं, वही बरोबर येते.

गोदातीर :
हक्कांचा विषय राहिला होता. मागे एका प्रकाशनासाठी मुखपृष्ठ केलं, पैसे मिळाले, विषय संपला. पुढे तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर आणि कापडी पिशवीवर दिसलं. ना विचारलं, ना नाव टाकलं. फोन केला तर उत्तर आलं, "पैसे दिले ना तेव्हा?" आता मालिकेतल्या दोन कॅनव्हासचे प्रिंट काढायचे म्हणून एकांनी विचारणा केली आहे, म्हणून धास्ती वाटते.

काळाकोट :
वकिली करतो, चित्रकलेतलं कळत नाही, पण यातलं कळतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. दोन गोष्टी वेगळ्या धरा. तुम्ही आपल्या मनाने केलेला कॅनव्हास कोणी विकत घेतला, तर त्याच्याकडे वस्तू जाते, स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो. प्रिंट, पिशवी, कॅलेंडर यातलं काहीही तुमच्या परवानगीशिवाय निघू शकत नाही. पण पैसे देऊन कोणी चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, तर उलट करार नसल्यास कलम १७ प्रमाणे हक्काचा पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेतानाच दोन ओळी लेखी हव्यात : हे चित्र अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरतं, इतर वापराचे पैसे वेगळे.

हक्क द्यायचा झाला तर कलम १९ प्रमाणे तो लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. कलम ५७ तर हक्क विकल्यावरही लागू राहतं : चित्राचे कर्ते तुम्ही आहात हे सांगण्याचा, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार. आणि फारसं कोणाला माहीत नसलेलं कलम ५३-अ. मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं आणि हक्काचे पहिले मालक तुम्हीच होतात, तर त्या किमतीत तुमचा हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के.

प्रिंटच्या विचारणेला उत्तर देताना किती प्रती, कुठल्या मापाच्या, किती काळ, एवढं लिहून घ्या. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि तुमची सही हवी.

गोदातीर :
साहेब, मनापासून आभार. हा प्रतिसाद छापून स्टुडिओत लावते. आमच्यातल्या निम्म्यांना हे कोणी कधी सांगितलेलंच नाही, कॉलेजातही नाही.

पावसाळी_हवा :
गंगापूर रोडला राहते, घरात ओल भयंकर. श्रावणात कॅनव्हास सैल पडतो, कोलाजचा कागद फुगतो आणि मागच्या बाजूला बुरशी येते. काय करावं?

रंगपेटी :
कागदाचे थर जास्त असतील तर नुसता ताणलेला कॅनव्हास घेऊच नका, प्लायवर चिकटवलेला घ्या, तो हलत नाही. ताणलेलाच असेल तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलकेच ठोकून ताण परत आणता येतो. भिंतीला टेकवून लावू नका, मागे चारही कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. आणि जेसो देताना कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडाही सोडू नका, ओल तिथूनच शिरते.

मुंबईकर_नाशिकचा :
गोदातीरताई, प्रदर्शन कुठे करताय? मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला असेल तर नंबर लागायला वर्षं जातात, तोवर नाशिकला दाखवा ना. चित्रांची ने-आण करायची झाली तर माझी गाडी दर आठवड्याला कसाऱ्यावरून जाते, सांगा.

गोदातीर :
आधी नाशिकलाच करायचं ठरलंय. ज्यांच्या घाटाची चित्रं आहेत त्यांनी ती पहिल्यांदा बघावीत. तारीख पक्की झाली की इथेच टाकते, आणि पुराचं चित्र जसं आहे तसंच लागणार, पुलावरच्या माणसांसकट. मास्तर, तुम्ही समोर उभे राहून सांगा, टेकू लागतोय का ते.

गाडीबद्दल खूप आभार, नंतर नक्की लागेल. फक्त एक पाहावं लागेल : ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं आणि बबल रॅप थेट लावला तर फोडांचे गोल चित्रावर उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग फोड बाहेरच्या बाजूला ठेवून रॅप, दोन चित्रं समोरासमोर आणि मध्ये पुठ्ठा. गाडीत उभी ठेवायची, आडवी एकावर एक रचायची नाहीत.

मुंबईकर_नाशिकचा :
उभीच ठेवू. मागची सीट काढतो.